चमचाभर क्रॅक आणि पाच वर्षं तुरुंग: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्या, नशेचे कायदे आणि त्यांनी स्वतः उभे केलेले उपचार

पाटॅप्स्को

५ ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याने एक चमचा साखर. १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की विकण्यासाठी एवढं क्रॅक कुणाजवळ सापडलं तर किमान ५ वर्षं फेडरल (केंद्र सरकारचा) तुरुंग. न्यायाधीशाला दया आली तरी उपयोग नाही, किमान म्हणजे किमान. पावडर कोकेनवाल्याला हीच शिक्षा व्हायला त्याच्याकडे अर्धा किलो माल सापडावा लागे. आणि क्रॅक म्हणजे वेगळं द्रव्यच नाही. तीच पावडर पाण्यात खायचा सोडा घालून आटवली की खडे होतात. पावडर महाग, ती पार्ट्यांमध्ये आणि वॉल स्ट्रीटवर चालायची. खडा थोड्या डॉलरांत मिळायचा, तो शहरातल्या गरीब वस्तीत खपायचा. १९८८ मध्ये तर क्रॅक नुसतं जवळ बाळगण्यालाही तीच ५ वर्षं लावली. पुढची वीसेक वर्षं फेडरल कोर्टात क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत दहातले आठहून जास्त जण कृष्णवर्णीय होते. हे १०० ला १ चं प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ झालं. १ ला १ अजून नाही.

मी मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरच्या पश्चिम भागात फार्मसिस्ट आहे. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात नालोक्सोनचा (ओव्हरडोस उतरवणारा नाकातला फवारा) विषय निघाला, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "या लोकांना फुकट औषधं देऊन काय होणार? उद्या परत तेच करणार." जेवणं चालली होती, वाद घातला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तुरुंग हा शिक्षेचा फक्त पहिला हप्ता असतो. १९९४ मध्ये कैद्यांची कॉलेजची पेल शिष्यवृत्ती बंद झाली, ती २०२३ मध्ये परत सुरू झाली. १९९६ पासून नशेच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला फूड स्टँप (गरिबांना अन्नासाठीची सरकारी मदत) आणि रोख मदत जन्मभर बंद. राज्यांना यातून बाहेर पडायची मुभा होती, बऱ्याच राज्यांनी ती हळूहळू वापरली. सरकारी घरांचा नियम तर असा की घरातल्या कुणीही नशेचा गुन्हा केला तर सगळं बिऱ्हाड बाहेर. ओकलंडमधली ६३ वर्षांची एक आजी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिची मुलगी घरापासून दूर रस्त्यावर पकडली गेली होती. २००२ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, भाडेकरूला काही माहीत नसलं तरी घर खाली करून घेता येतं. त्यात नोकरीच्या अर्जावरचा 'कधी शिक्षा झाली आहे का' हा चौकोन धरा, अनेक राज्यांत गेलेला मताधिकार धरा. एका माणसाच्या खिशातल्या पुडीपायी आजी, बहीण, पोरं सगळ्यांचीच वाट लागते.

बाल्टिमोरची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. २०१८ ते २०२३ या काळात इथे ओव्हरडोसने जवळपास ६,००० माणसं गेली. एवढं प्रमाण तेव्हा देशातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात नव्हतं. आणि मरतंय कोण? आपल्या डोळ्यांसमोर विशीतली पोरं येतात. प्रत्यक्षात पंचावन्न ते सत्तरीतले कृष्णवर्णीय पुरुष. लोकसंख्येत ७ टक्के, मृत्यूंत जवळपास ३० टक्के. क्रॅक आणि हेरॉइनच्या काळात ते तरुण होते. कायद्याने त्यांना तेव्हा धरलं, सोडलं, परत धरलं. आता हेरॉइनच्या नावाखाली त्याहून कितीतरी जहाल फेंटानिल मिळतं आणि ते मरताहेत.

ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटानिल अशा अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या) व्यसनावर दोन जुनीजाणती औषधं आहेत. ब्युप्रेनॉर्फिनची नारिंगी पट्टी जिभेखाली ठेवायची, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानातून महिन्याभराची घरी नेता येते. मेथाडोन मात्र व्यसनासाठी माझ्या दुकानातून देता येत नाही, त्याला परवानाधारक क्लिनिकच लागतं. पहाटे रांग, खिडकीपाशी कपातलं लालसर पातळ औषध नर्ससमोर प्यायचं, मग दोन शब्द बोलून दाखवायचं, म्हणजे गिळलं की गालात धरलं ते कळतं. ही क्लिनिकं कुठे दिसतील? कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत. पट्टीची चिठ्ठी कोणाला जास्त मिळते? गोऱ्यांना, खाजगी विमा असणाऱ्यांना. कोविडनंतर मेथाडोन घरी न्यायचे नियम सैल झाले आणि २०२४ मध्ये ते कायम झाले, पण किती द्यायचं हे क्लिनिकच्या मर्जीवर. पट्टीतही गोम आहे. आमचा घाऊक पुरवठादार एका मर्यादेपुढे ऑर्डर अडकवून ठेवतो, कारण नियंत्रित औषधं 'संशयास्पद' प्रमाणात जाताहेत म्हणे. महिनाअखेर चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला "सोमवारी या" सांगावं लागतं. सोमवारपर्यंत त्याने काय करायचं?

कायद्याने काय मोडलं त्यावर बोलूच. मला जास्त रस आहे तो दुसऱ्या भागात: या वस्त्यांनी आपलं आपण काय उभं केलं, आणि त्याचं पुढे काय झालं.

---

कोकणकडा

माहिती चांगली आहे, पण एकच बाजू दिसते. क्रॅकने तेव्हा खरोखर धुमाकूळ घातला होता ना? टोळ्यांच्या गोळीबारात मरणारेही कृष्णवर्णीयच होते. कायदेमंडळाने हातावर हात धरून बसायचं होतं का? माझा भाचा इथे कॉलेजात आहे. तो सांगतो, डॉर्ममध्ये काय हवं ते मिळतं, तरी तो घेत नाही. शेवटी ज्याची त्याची जबाबदारी आहेच की.

---

पाटॅप्स्को

@कोकणकडा, तुमच्याच उदाहरणावर बोलू. डॉर्ममध्ये हवं ते मिळतं म्हणता, तर तिथे पहाटे दार तोडून पोलीस कधी आले का? गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत जवळजवळ सारखं. तरी गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता देशभरात कृष्णवर्णीयांना ३.६ पट. एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेचा २०२० चा अहवाल आहे. पोलीस जिथे शोधतात तिथेच सापडतं. सरकारी चाळीच्या जिन्यात शोधणं सोपं, प्रोफेसराच्या बंगल्यात शोधायला वॉरंट लागतं.

गोळीबाराचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण ज्यांच्या हातात कायदा दिला त्यांनी इथे काय केलं तेही बघा. २०१७ मध्ये बाल्टिमोर पोलिसांच्या बंदुका पकडणाऱ्या खास पथकातल्या अधिकाऱ्यांवर फेडरल खटला झाला. हे लोक नागरिकांना लुटत होते आणि जप्त केलेला माल परत बाजारात विकत होते. कुंपणच शेत खात होतं.

---

फिरस्ता_७२

थोडं मागे जाऊया, १९८६ ही सुरुवात नव्हे. हॅरी ॲन्स्लिंगर १९३० पासून १९६२ पर्यंत फेडरल नार्कोटिक्स ब्युरोचा प्रमुख होता. गांजा, जॅझ आणि कृष्णवर्णीय ही त्याच्या डोक्यात एकच गाठ. जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या मागे त्याची माणसं वर्षानुवर्षं लागली होती. १९४७ मध्ये तिला तुरुंगवास झाला, सुटून आल्यावर न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा परवाना गेला. १९५९ मध्ये यकृत निकामी होऊन ती हार्लेममधल्या हॉस्पिटलात पडली होती, तेव्हा तिला तिथेच अटक झाली आणि खोलीच्या दाराशी पोलीस बसले. ती त्याच पलंगावर गेली, ४४ व्या वर्षी.

मग १९७१ मध्ये निक्सनने नशेला देशाचा पहिला शत्रू ठरवलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला गव्हर्नर रॉकफेलरचे कायदे आले: १ औंस हेरॉइन किंवा कोकेन विकलं की किमान १५ वर्षं, कमाल जन्मठेप. खुनाच्या पंक्तीला नेऊन बसवलं. हे कायदे मोडीत निघायला २००९ उजाडलं.

---

चिंचेचं_पान

वाचतेय. बिली हॉलिडेचं हे माहीत नव्हतं.

---

नीरव_म

इथे एक गैरसोयीची गोष्ट मांडतो, म्हणजे चित्र फार गुळगुळीत व्हायला नको. कडक कायदे मागणाऱ्यांत कृष्णवर्णीय पुढारीही होते. हार्लेममधले पाद्री आणि रहिवासी रॉकफेलरच्या बाजूने बोलत होते, कारण जिन्यात सुया पडलेल्या, आजीची पर्स हिसकावलेली, हे त्यांच्या दारात चाललं होतं. हार्लेमचे खासदार चार्ल्स रँगेल ८०च्या दशकात नशेविरुद्धच्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते आणि कडक भाषेत कोणाला हार जात नव्हते. १९७५ मध्ये वॉशिंग्टन शहरात गांजाची शिक्षा दंडावर आणायचा प्रस्ताव एका गोऱ्या नगरसेवकाने मांडला, तो पाडण्यात कृष्णवर्णीय नेते आणि पाद्री आघाडीवर. त्यांचं म्हणणं, आमच्या पोरांच्या जिवावर हे उदारमतवाद करताहेत.

पण त्यांची यादी एवढीच नव्हती. पोलीस हवेत, आणि नोकऱ्या, शाळा, दवाखाने, व्यसनमुक्ती केंद्रंही हवीत, अशी ती मागणी होती. यादीतली पहिली ओळ लगेच मंजूर झाली. बाकीच्या ओळींना पैसे नव्हते.

---

कोकणकडा

नीरव, धन्यवाद. हेच म्हणत होतो.

---

नीरव_म

अर्धंच म्हणत होतात :)

---

सांजसावली

मी ब्राँक्समध्ये समाजसेवा खात्यात काम करते. धागाकर्तीने दुसऱ्या भागाबद्दल विचारलंय म्हणून लिंकन डिटॉक्स या व्यसनमुक्ती केंद्राची गोष्ट सांगते. मोठी आहे.

१९७० मध्ये साउथ ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलला तिथले लोक खाटीकखाना म्हणत. इमारत मोडकळीला आलेली, आत उंदीर, भिंतींच्या रंगात शिसं. हे सरकारी हॉस्पिटल, पेशंट बहुतेक पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय. आजूबाजूला हेरॉइन बोकाळलेलं, व्यसनावर उपचार मात्र शून्य. १४ जुलैच्या पहाटे यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने हॉस्पिटलची एक इमारत ताब्यात घेतली आणि खिडकीतून झेंडा लावला. बारा तास. मागण्या साध्या: दारोदार तपासणी, पाळणाघर, कारभारात लोकांचा वाटा. आश्वासनं घेऊन ते बाहेर आले.

आश्वासनं हवेतच राहिली. म्हणून नोव्हेंबरमध्ये यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर्स (कृष्णवर्णीयांची क्रांतिकारी संघटना), हॉस्पिटलमधल्या कामगारांची संघटना आणि खुद्द व्यसनात असलेले काही लोक असे मिळून परत गेले आणि नर्सेसच्या निवासाच्या इमारतीत डिटॉक्स सुरू करून टाकलं. परवानगी नंतर. बातमी फुटताच दाराशी रांग लागली. प्रशासनाला हटवणं जड गेलं आणि शहराला मुकाट पैसे द्यावे लागले.

तिथे सुरुवातीला मेथाडोनचे डोस दिवसागणिक कमी करत नेत. पण जन्मभर मेथाडोनवर ठेवायचं त्यांना पटत नव्हतं. एक साखळी काढून दुसरी घालायची, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास हाँगकाँगमधल्या डॉ. वेन नावाच्या न्यूरोसर्जनचं निरीक्षण छापून आलं: शस्त्रक्रियेच्या तयारीत कानाला सुया लावून वीजप्रवाह दिला, तर अफूच्या पेशंटची तलफ उतरली. लिंकनमधल्या मंडळींनी ते उचललं. मुतुलू शकूर हा तिथला कार्यकर्ता (रॅप गायक टुपाक शकूरचा सावत्र वडील) अ‍ॅक्युपंक्चर शिकून आला. वीज गेली, नुसत्या सुया राहिल्या. कालांतराने कानावरचे पाच बिंदू पक्के झाले.

आजही हे जसं चालतं ते मी पाहिलंय. खुर्च्या गोलात मांडलेल्या. कुणी फॉर्म भरून घेत नाही, कहाणी विचारत नाही. कापसाच्या बोळ्याने कान पुसायचा आणि केसासारख्या बारीक पाच सुया एकेक करून लावायच्या, दोन्ही कानांना. मग पाऊण तास नुसतं बसायचं. आधी पाय हलवणारी, दाराकडे बघणारी माणसं हळूहळू मागे रेलतात. एखादा घोरायला लागतो. सुई लावणारी बाई अनेकदा स्वतः त्याच खुर्चीतून उठलेली असते.

लिंकनमध्ये याला जोड होती राजकीय वर्गांची. हे हेरॉइन इथे येतं कुठून, पैसा कोणाच्या खिशात जातो, आपल्याच गल्लीत का, हे शिकणं उपचाराचा भाग होता. सरकारला हेच खुपत होतं. १९७८ मध्ये मेयर एड कॉच यांच्या काळात पोलीस आणून हे केंद्र मोडलं, जुन्या मंडळींना बाहेर काढलं. सुया राहिल्या, राजकारण गेलं. केंद्रातल्याच डॉ. मायकेल स्मिथ यांनी काम पुढे नेलं आणि १९८५ मध्ये 'नाडा' ही संस्था निघाली. तिचे पाच बिंदू आता अनेक देशांत वापरतात, युद्धावरून आलेल्या सैनिकांवर आणि आपत्तीतल्या लोकांवरसुद्धा. शकूर पुढे सशस्त्र दरोड्याच्या कटात दोषी ठरला, तीन दशकांहून अधिक काळ तुरुंगात होता, सुटल्यानंतर काही महिन्यांत २०२३ मध्ये वारला. त्याने काय केलं-नाही ते वेगळं बोलू. पण प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गात त्याचं नाव क्वचित निघतं.

---

पाटॅप्स्को

सांजसावली, दंडवत! याचसाठी धागा काढला होता.

फार्मसिस्ट म्हणून एक खडा टाकते. २००२ मध्ये कोकेनच्या व्यसनावर कानाच्या अ‍ॅक्युपंक्चरची सहाशेहून जास्त लोकांवर केलेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. खोट्या सुया लावलेल्यांपेक्षा फरक दिसला नाही. आणि मेथाडोनला साखळी म्हणण्याशी मी सहमत नाही. ओपिऑइडमध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनने मृत्यू कमी होतात, हे निर्विवाद आहे. साखळी त्या औषधात नाही, पहाटेच्या रांगेत आहे.

---

सांजसावली

मान्य, चाचणी मलाही माहीत आहे. पण खोट्या सुयांच्या गटातली माणसंसुद्धा शांत बसायला येत होतीच की. आमच्याकडे जी माणसं क्लिनिकची पायरी चढत नाहीत ती सुयांना येतात. तिथे आली की आज ना उद्या औषधाचंही बोलणं काढता येतं. माझ्यासाठी एवढं पुरे.

---

फिरस्ता_७२

पँथर्सचं नाव आलंच आहे तर अवांतर. १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले वगैरेंनी दलित पँथर काढली, नाव तिथूनच घेतलं, जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या पँथरांचा उल्लेखही आहे. आपल्याकडे त्यांचे चित्ते, बंदुका, मोर्चे पोचले. मोफत नाश्ता, सिकलसेलची तपासणी, दवाखाने हे काम त्या मानाने कमी पोचलं. लिंकन डिटॉक्स मराठीत कुणी सविस्तर लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

---

अभंग_एलए

लॉस एंजेलिसची भर. सुझन बर्टन. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या पाच वर्षांच्या मुलाला रस्त्यात गाडीने उडवलं. गाडी पोलीस अधिकारी चालवत होता. तिच्या म्हणण्याप्रमाणे कुणी साधी माफीही मागितली नाही. ती दारूत गेली, मग क्रॅकमध्ये. पुढची पंधराएक वर्षं तुरुंगाच्या आत-बाहेर. दर वेळी सुटल्यावर हातावर २०० डॉलर, बसने शहरातल्या स्किड रो या बेघरांच्या वस्तीपाशी उतरायचं, आणि तिथे दलाल नि पुडीवाले आधीच उभे. अखेर सँटा मोनिकामध्ये, म्हणजे गोऱ्या सुखवस्तू भागात, तिला उपचार मिळाले. तेव्हा तिला कळलं की तिथे याच गुन्ह्याला लोकांना उपचारासाठी पाठवतात. आमच्या भागात सरळ आत टाकतात.

१९९८ मध्ये तिने दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या वॉट्समध्ये एक छोटं घर घेतलं आणि त्याच बसथांब्यावर जाऊन उभी राहायला लागली. तुरुंगातून उतरणाऱ्या बाईला म्हणायची, माझ्याकडे पलंग आहे, चल. आज 'अ न्यू वे ऑफ लाइफ'ची अनेक घरं आहेत. पलंग, कपडे, जेवण हे तर आहेच. खरा घाम निघतो तो कागदांवर: हरवलेलं ओळखपत्र, मुलांचा ताबा परत मिळवणं, जुना गुन्हा नोंदीतून काढायचा अर्ज. एका बाईचा मुलांच्या ताब्याचा खटला म्हणजे महिनोन्महिने कोर्टाच्या खेपा. व्यसन सुटणं हे त्यातलं एक कलम.

याच लोकांच्या चळवळीतून नोकरीच्या अर्जावरचा 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का' हा चौकोन काढायची मागणी आली. 'ऑल ऑफ अस ऑर नन' ही २००३ मध्ये तुरुंगातून सुटलेल्यांनी काढलेली संघटना.

---

चिंचेचं_पान

त्या पाच वर्षांच्या मुलाचं वाचून थांबले. बाकी उद्या वाचते.

---

कोकणकडा

सुझन बर्टनबद्दल आदर आहे, कोणालाही असेल. पण तुम्ही सगळे जे सुचवताय त्याचा प्रयोग ऑरेगनने करून पाहिला की. २०२० मध्ये जनमताने नशा बाळगणं गुन्ह्यातून काढलं, २०२४ मध्ये त्यांनाच कायदा परत आणावा लागला. पोर्टलंडच्या फुटपाथांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मग आता?

---

पाटॅप्स्को

रास्त प्रश्न. ऑरेगनमध्ये अटक थांबली फेब्रुवारी २०२१ मध्ये. उपचारांचा पैसा संस्थांच्या हातात पोचायला वर्षाहून जास्त लागलं. मधल्या काळात शंभर डॉलरचं चलन, त्यावर एक फोन नंबर, आणि तो फार थोड्यांनी फिरवला. शिवाय त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल आलं. पोर्तुगालने २००१ मध्ये हेच केलं तेव्हा दवाखाने आधी उभे होते.

आमच्याच शहरात हा विचार फार आधी कुणीतरी मांडला होता. कर्ट श्मोक, बाल्टिमोरचे निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय मेयर, त्याआधी सरकारी वकील, म्हणजे लोकांना आत पाठवणं हे त्यांचंच काम होतं. १९८८ मध्ये देशभरच्या मेयरांच्या परिषदेत ते म्हणाले की याला आरोग्याचा प्रश्न मानून गुन्ह्यातून काढण्यावर बोलायला हवं. भर क्रॅकच्या काळात! वर नीरवने सांगितलेले रँगेल त्यांच्या विरोधात उभे ठाकले. कायदा काही बदलला नाही. पण श्मोक यांनी १९९४ मध्ये सुया बदलून देणारी गाडी सुरू केली, आणि एचआयव्ही रोखण्यात तिचा मोठा हात आहे.

म्हणून मला कोकणकडांच्या प्रश्नात 'मोकाट सोडायचं की आत टाकायचं' हे दोनच दरवाजे मान्य नाहीत. नोव्हेंबर २०२१ पासून न्यूयॉर्कला ईस्ट हार्लेम आणि वॉशिंग्टन हाइट्समध्ये दोन केंद्रं चालतात. लोक स्वतःचा माल घेऊन येतात, देखरेखीखाली घेतात, श्वास अडकला तर तिथेच ऑक्सिजन. फेडरल कायद्याने हे अजून बेकायदाच धरतात.

---

कोकणकडा

ते हार्लेममधल्या शेजाऱ्यांना विचारा काय वाटतं.

---

सांजसावली

विचारलंय, कामच आहे ते :) दोन्ही मतं आहेत. "आमच्याच गल्लीत का, अप्पर ईस्ट साइडला (शेजारच्या श्रीमंत भागात) का नाही" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. आणि ते बरोबरच आहे.

---

हिशेबनीस

पैशाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. गांजा आता निम्म्या अमेरिकेत दुकानात मिळतो, सरकार कर खातं. ज्यांनी त्याच गांजासाठी तुरुंग भोगला त्यांना त्यातलं काय मिळालं?

कागदावर बरंच. इलिनॉयमध्ये कराच्या उत्पन्नातले २५ टक्के नशेच्या कायद्याने होरपळलेल्या भागांतल्या संस्थांना. न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यात ४० टक्के. शिकागोशेजारच्या एव्हन्स्टनने तर गांजाच्या करातून नुकसानभरपाई सुरू केली: १९१९ ते १९६९ मध्ये घरांच्या भेदभावाचा फटका बसलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना २५,००० डॉलर. मेरीलँडच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये गांजाच्या १,७५,००० हून जास्त शिक्षा माफ केल्या. माफी म्हणजे नोंद पुसली गेली असं मात्र नाही.

व्यवहारात? न्यूयॉर्कने पहिले परवाने शिक्षा भोगलेल्यांना द्यायचं ठरवलं. पहिलं दुकान २९ डिसेंबर २०२२ ला उघडलं, तेही एका संस्थेचं. मग कोर्टकज्जे, स्थगिती. तोवर विनापरवाना दुकानं शेकड्यांनी गल्लोगल्ली. परवाना हातात असलेला माणूस भाडं भरून रिकाम्या गाळ्यात बसलेला. फेडरल कायद्यामुळे बँक कर्ज देत नाही, म्हणजे घरचं भांडवल हवं. ते कुठून आणणार? कृष्णवर्णीयांनी कुठल्या गल्लीत राहायचं याचा वटहुकूम बाल्टिमोरने १९१० मध्येच काढला होता, देशात पहिला. घर नाही तर तारण नाही.

माझं मत: परवान्यांपेक्षा तो २५ नि ४० टक्क्यांचा पैसा कोणाच्या सहीने खर्च होतो ते बघा. मोठी हॉस्पिटलं अर्ज लिहायला माणसं ठेवतात. चर्चच्या तळघरात चालणाऱ्या गटाकडे ऑडिट केलेला ताळेबंद नसतो.

---

माऊली_पुणे

आपला १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदाही अमेरिकेच्या आग्रहाच्या काळातलाच ना? त्याआधी गांजाची परवानाधारक दुकानं असायची म्हणतात. आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले रुग्णमित्रच समुपदेशन करतात, म्हणजे सांजसावलींनी लिहिलंय तसंच.

---

नीरव_म

हो, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्यामागचा दबाव, दोन्ही. मुक्तांगणचं बरे झालेल्यांनी सोबत करण्याचं साम्य आहेच. पण तिथे जातीचा, वस्तीचा आणि पोलिसांचा प्रश्न वेगळ्या प्रकारे येतो. त्यावर स्वतंत्र धागा काढा, नाहीतर याचं काश्मीर होईल.

---

रॉकव्हिलची_काकू

पाटॅप्स्को, तो कार्यक्रम आमच्याच मंडळाचा वाटतो, आणि ते गृहस्थ कोण तेही कळलं. असो! मी १९७४ मध्ये इथे आले. आल्या आल्या आधीच्यांनी सांगितलं, अमुक रस्त्यापलीकडे जायचं नाही. का ते कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. १९६५ चा स्थलांतराचा जो कायदा आम्हाला इथे घेऊन आला तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर झाला, हे मला मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून कळलं.

आता कामाचं. नालोक्सोन घरात ठेवावं का? नातू कॉलेजात जातोय. आणि मंडळात यावर अर्धा तास ठेवला तर एखादे डॉक्टर बोलावू का?

---

पाटॅप्स्को

काकू, ठेवाच. २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. ओठ निळसर, श्वास घरघरता किंवा बंद, हलवलं तरी जाग नाही, अशी लक्षणं दिसली तर ९११ ला फोन, मग एका नाकपुडीत पूर्ण फवारा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. कुशीवर वळवून ठेवायचं, सोडून जायचं नाही. ओपिऑइड नसेल तर या औषधाने अपाय होत नाही. मेरीलँडमध्ये मदतीला फोन करणाऱ्याला नशा बाळगल्यावरून अटक करता येत नाही, हे नातवालाही सांगा. पोरं पोलिसांच्या भीतीने फोन करत नाहीत आणि तिथेच वेळ जातो.

डॉक्टर नको. पश्चिम बाल्टिमोरमध्ये रस्त्यावर नालोक्सोन वाटणारे, स्वतः त्यातून गेलेले लोक आहेत, त्यातल्या दोघांना विचारते. पण मानधन द्यायचं. दिवाळीच्या गायकाला देतो तेवढं.

---

रॉकव्हिलची_काकू

गायकाला किती देतो ते तुला माहीत आहे, तरी म्हणतेस! बरं, खजिनदारांशी बोलते. पत्रकात 'ड्रग्ज' लिहू नको म्हणतील, 'आरोग्य व्याख्यान' लिहू का?

---

पाटॅप्स्को

'ड्रग्ज'च लिहा काकू. आरोग्य व्याख्यान म्हटलं की सगळे मधुमेहाचं समजून येतील आणि बटाटेवडा खाऊन जातील.

---

कोकणकडा

मी येईन. प्रश्न विचारायची परवानगी असेल तर.

---

रॉकव्हिलची_काकू

तुम्हाला पुढची रांग. फक्त प्रश्न इंग्रजीत विचारा, पाहुण्यांना कळायला हवेत.